अन्नदर्शींच्या टबातलं पाणी

टबातलं पाणी आधी पिवळसर झालं, मग चहासारखं, आणि सात-आठ मिनिटांत त्यावर हिरवट-काळा फेस धरला, तेव्हा जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये बसलेल्या शे-सव्वाशे माणसांतून एक दबका हुंकार उठला. पुढच्या रांगेतले लोक गुडघ्यांवर उभं राहून वाकून पाहू लागले. टबात पाय बुडवून सोळा वर्षांची वल्लरी बसली होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली मान घालून बसली होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"देखा?" स्वतःला अन्नदर्शी, म्हणजे अन्नातलं विष पाहणारे, म्हणवणारे देवरामजी मऊ आवाजात म्हणाले. "बिटिया ने सच बोला, तो शरीर ने भी सच बोला. शरीर झूठ नहीं बोलता."

खरं होतं ते एवढंच, की वल्लरीने गुरुवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला एक कचोरी खाल्ली होती. पाय टबात घालायच्या आधीच तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"एक कचोरी," देवरामजी आता लोकांकडे वळून त्यांच्या गोड हिंदीत समजावू लागले. "एका कचोरीत काय असतं? मैदा असतो, चार वेळा तापलेलं तेल असतं आणि तळणाऱ्याचा राग असतो. हो, राग. कढईसमोर उभा असलेला माणूस सकाळी बायकोशी भांडून आलेला असतो. तो राग तेलात उतरतो, तेलातून पोटात, पोटातून रक्तात. आपलं विषदर्शक यंत्र तो तळपायातून खेचून घेतं. तो बघा, वर तरंगतोय."

लोकांनी तरंगणारा राग पाहिला आणि हात जोडले. देवरामजींनी वल्लरीचा आहाराचा कागद मागून घेतला आणि लाल पेनाने त्यावरच्या आणखी तीन पदार्थांवर काट मारली. गव्हाची पोळी, दही, केळं. कागदावर आता उकडलेले मूग, दुधी, पपई आणि नारळपाणी एवढंच उरलं.

हॉलच्या शेवटच्या रांगेत वल्लरीची आई प्रतिमा उभी होती. ती इथे पहिल्यांदाच आली होती, तीही नवऱ्याने फार आग्रह केला म्हणून. ती एकवीस वर्षं कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवत होती. टबात टाकलेल्या पेटीतून निघणारी ती काळी वायर, पाण्यातून उठणारे बारीक बुडबुडे आणि तरणतलावावर येतो तसला तो उग्र वास, एवढ्यावरून तिला अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या दोन पट्ट्या, त्यांतून सोडलेली वीज. लोखंड झिजतं, गंजतं, आणि पाणी तपकिरी होतं. हा प्रयोग ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घ्यायची. ती काहीतरी बोलायला पुढे सरकली, तोच शेजारी उभ्या जयंतने तिचं मनगट धरलं.

"इथे नको," तो म्हणाला. "पोरीचा तमाशा करायचाय का तुला?"

तमाशा झालाच होता, पण प्रतिमा गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा राग तिला पुढे बरेच महिने येत राहिला.

या सगळ्याची सुरुवात वाईट नव्हती, आणि प्रतिमाला चिडवणारी गोष्ट नेमकी तीच होती. जयंत विमा कंपनीत अधिकारी. आठ वर्षांपूर्वी बदली होऊन हे कुटुंब मिरजेहून जयपूरला आलं आणि इथल्या घेवर-कचोरीने, ऑफिसातल्या रोजच्या पार्टीने जयंतचं पोट सुटलं. रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टरांनी गोड कमी करायला, भाजी वाढवायला आणि रोज चालायला सांगितलं. जयंतने मनावर घेतलं. तो पहाटे उठून चालू लागला, ऑफिसातले लाडू नाकारू लागला. प्रतिमाने तेव्हा त्याचं कौतुक केलं होतं, डब्यात दोन भाज्या देऊ लागली होती.

मग ऑफिसातल्या कुणीतरी त्याला देवरामजींकडे नेलं. तीन महिन्यांनी साखर उतरली, ती अर्थातच चालण्याने आणि लाडू सोडल्याने. श्रेय मात्र गेलं टबाला. त्यानंतर घरातून एकेक वस्तू हद्दपार होत गेली. आधी मैदा आणि साखर, त्याला कुणाची हरकत नव्हती. मग तांदूळ, मग दूध, मग तूर डाळ, कारण ती 'तामसी'. फ्रीजवर निषिद्ध पदार्थांचा कागद लागला. वल्लरी आधी हसायची. "पप्पा, मतलब आता श्वास तरी घ्यायचा ना?" म्हणायची. पण अकरावीला गेल्यावर कुणीतरी तिच्या जाड दंडांवरून काही बोललं, आणि एका रविवारी ती आपण होऊन वडिलांबरोबर गेली. जयंतला केवढा अभिमान वाटला होता. मुलगी आपल्या वाटेने चालली म्हणून त्याने मिरजेला आईला फोनही केला होता.

त्या कचोरीच्या रविवारी संध्याकाळी प्रतिमाने कॉलेजातून पूर्वीच घरी आणलेला वीजपुरवठ्याचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला. काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, चमचाभर मीठ घातलं, दोन लोखंडी खिळे सोडले आणि बटण दाबलं. पाचव्या मिनिटाला पाणी तपकिरी झालं.

"यात कुणाचे पाय आहेत?" तिने विचारलं.

जयंतने भांड्याकडे शांतपणे पाहिलं. "हे तुझ्या खिळ्यांचं झालं. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात."

"लोखंडाच्याच असतात."

"तू उघडून पाहिल्यास?"

प्रतिमाने उघडून पाहिल्या नव्हत्या. ती वल्लरीकडे वळली. वल्लरी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"आई, तुला मतलब सगळ्यातच फ्रॉड दिसतो. ठीक आहे, गंजाने पाणी लाल होत असेल. पण मग मागच्या रविवारी माझं पाणी जवळजवळ साफ कसं होतं? मागच्या आठवड्यात मी सगळं पाळलं होतं. या आठवड्यात कचोरी खाल्ली तर काळं झालं. गंजाला कसं कळलं मी काय खाल्लं ते?"

एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला सोळा वर्षांच्या पोरीने बरोबर प्रश्न विचारला होता आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. जयंतच्या चेहऱ्यावरचं समाधान तिला दिसलं. तिने रागाने भांडं उचलून मोरीत ओतलं.

दोन महिन्यांनी वल्लरी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली, दोन टाके घालावे लागले. टाके घालणाऱ्या डॉक्टर कीर्ती या प्रतिमाच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, वल्लरीला एकटीला आत बसवून बोलत राहिल्या आणि मग आईवडिलांना बोलावलं.

"रक्त फार कमी आहे. तीन महिने पाळी आलेली नाही. केस गळतायत. ही मुलगी उपाशी आहे," त्या म्हणाल्या.

"उपाशी कशी असेल? ती दिवसातून चारदा खाते," जयंत म्हणाला. "शुद्ध खाते."

"साहेब, वाढत्या वयाच्या मुलीला पोळी लागते, डाळ-भात लागतो, दूधदुभतं लागतं. तिने कचोरी रोज खाऊ नये हे मीही सांगेन. पण ती मला आत काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, पोळीचा वास आला तरी मला घाण वाटते, वाटतं आपण आतून काळे आहोत. हे आता नुसतं पथ्य राहिलेलं नाही. याचेही उपचार करावे लागतील."

घरी आल्यावर प्रतिमाने मऊ खिचडी केली. वल्लरीने ती समोर घेतली, हलवत राहिली, आणि नंतर प्रतिमाला ती कागदी रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवलेली सापडली. प्रतिमा ओरडली. मग रडली. मग जयंतवर ओरडली. तो म्हणाला, "मी देवरामजींना विचारून येतो, थोडी सूट देतात का." तेव्हा मात्र तिला वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं.

पण ओरडून काही होत नव्हतं, हे तिला दिसत होतं. मुलीने एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती आईचं काही ऐकणार नव्हती, आणि तसं पाहिलं तर तिने ऐकूही नये असंच प्रतिमाने तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

पुढचे दोन रविवार प्रतिमा हॉलमध्ये जाऊन बसली. हात जोडले, डोळे उघडे ठेवले. पहिल्या रविवारी तिला काही सापडलं नाही. पेटी तीच, वायर तीच, वेळ तेवढाच. प्रत्येकासाठी नवं पाणी, तेही मोठ्या बाटलीतलं, क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी. देवरामजी आधी मायेने विचारायचे, हफ्तेभर काय खाल्लं. माणूस सांगायचा. कुणी जिलेबी कबूल करायचं, कुणी काहीच नाही. मग देवरामजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे, पितळी वाटीतलं सैंधव पाण्यात सोडायचे आणि यंत्र सुरू करायचे.

दुसऱ्या रविवारी तिने देवरामजींच्या तोंडाकडे बघणं सोडून त्यांच्या हाताकडे बघायला सुरुवात केली. जिलेबीवाल्याच्या टबात चमचा दोनदा गेला, शिगोशीग भरून. एका म्हाताऱ्या बाईंनी फक्त मूगपाणी घेतल्याचं सांगितलं, त्यांच्या टबात चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच मीठ पडलं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज धड वाहत नाही. मीठ जितकं जास्त तितकी वीज जास्त, आणि तितका गंज जास्त. म्हणजे माणूस आधी कबुली द्यायचा, देवरामजी कबुलीच्या मापाने मीठ घालायचे, आणि पाणी माणसाचीच कबुली त्याला परत दाखवायचं.

ती घरी आली आणि वल्लरीच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. या वेळी तिने काही समजावलं नाही.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय असं वाटतं. पण मी सांगितलं तर तुला पटणार नाही. आपण करून बघू. पुढचे सहा दिवस मी तुझ्यासमोर खाईन, त्यांच्या यादीतलं सगळं निषिद्ध. रविवारी त्यांना सांगेन, मी फक्त मूग आणि दुधी खाल्ला. शरीर खोटं बोलत नसेल तर पाणी काळं व्हायला हवं."

"आणि झालं तर?"

"तर मी तुला खाण्यावरून एक शब्द बोलणार नाही. डॉक्टरांकडेही ओढत नेणार नाही."

वल्लरीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू खोटं बोलणार? इतक्या लोकांसमोर?"

"हो."

"पप्पांना सांगायचं नाही?"

"सांगू नकोस. त्यांना माहीत असलं तर त्यांच्या चेहऱ्यावरून देवरामजींना कळेल."

सहा दिवस प्रतिमा खात होती आणि मुलगी बघत होती. भात, दही, पोळी, तूर डाळ, मिर्ची वडा. एवढं तेलकट तिला स्वतःलाच सोसेना, तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. पण तो भाग वेगळा. वल्लरी वहीत सगळं लिहीत होती. रविवारी सकाळी तिने स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन कांदा कचोऱ्या आणल्या, आईसमोर ठेवल्या आणि ती शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली. प्रतिमाला विज्ञानाबद्दल शंका नव्हती. पण आज त्या माणसाचा हात चुकून जड पडला तर आपण पोरीला काय शब्द दिलाय, हे तिला आठवत होतं.

हॉल भरलेला होता. प्रतिमाला पुढे येताना पाहून जयंतचा चेहरा उजळला. देवरामजींनाही आनंद झाला. प्रोफेसर बाई शेवटी वाटेवर आल्या, हे त्यांनी लोकांना सांगितलंही.

"बहनजी, हफ्तेभर काय घेतलं? खरं सांगा, पाणी सगळं जाणतं."

"उकडलेले मूग," प्रतिमा म्हणाली. "दुधी. नारळपाणी. तिसऱ्या दिवसापासून मन एकदम हलकं झालंय."

देवरामजींनी समाधानाने मान डोलावली, डोळे मिटले, पुटपुटले. चमचा वाटीत गेला आणि टोकाला जेमतेम चिमूटभर मीठ घेऊन बाहेर आला. यंत्र सुरू झालं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाणी लिंबाच्या सरबताएवढंही पिवळं झालं नाही.

"बघा," देवरामजी म्हणाले. "एका आठवड्याचा संयम. आत काही उरलंच नाही. शरीर झूठ नहीं बोलता."

"पण आई खोटं बोलली," मागून आवाज आला.

वल्लरी उभी राहिली होती. तिच्या हातात वही होती. तिने हिंदीत, सावकाश, सहा दिवसांचं सगळं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "आणि आज सकाळी दोन कचोऱ्या. मीच आणल्या होत्या. मी एक खाल्ली तेव्हा पाणी काळं झालं होतं. मला त्यानंतर तीन आठवडे झोपताना वाटायचं, माझ्या आत तेच पाणी भरलंय. मग आईचं साफ कसं?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. देवरामजी क्षणभरच गडबडले. "कपटाने घेतलेली परीक्षा यंत्र स्वीकारत नाही," ते म्हणाले. "खोट्या माणसाच्या ऊर्जेने यंत्र बंद पडतं."

"बंद कुठे पडलंय, दिवा लागलाय की," प्रतिमा म्हणाली. ती टबातून पाय काढून बाजूला उभी राहिली. "पाय नाहीत आता. त्या वाटीतलं मीठ दोन चमचे घाला आणि चालू ठेवा. काही झालं नाही तर मी सगळ्यांसमोर माफी मागते."

देवरामजींनी वाटी उचलून मांडीशी घेतली. यंत्राला विश्रांती लागते, म्हणाले. सूर्य माथ्यावर आला की चालत नाही, म्हणाले. तेव्हा दुसऱ्या रांगेतून एक जाडसर गृहस्थ उठले. त्यांचं नाव सतीशजी. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांचा निकेलचा मुलामा चढवण्याचा कारखाना होता आणि गेलं वर्षभर ते दर रविवारी इथे पाय बुडवायला येत होते. त्यांनी देवरामजींच्या हातातून वाटी काढून घेतली, मीठ टबात ओतलं आणि पेटी उचलून आतल्या पट्ट्या बोटाने घासून पाहिल्या. बोट तांबडं झालं.

"लोखंड," ते म्हणाले. त्यांनी पेटी परत पाण्यात सोडली.

पाणी पिवळं झालं, मग चहासारखं. त्यावर हिरवट-काळा फेस आला. टबात कुणाचेही पाय नव्हते. सतीशजी वाकून त्या फेसाकडे बघत राहिले.

"माझ्या टाक्यांच्या तळाशी रोज हाच गाळ बसतो," ते शेवटी म्हणाले. "मी रोज तो माणसं लावून काढतो. आणि इथे येऊन त्याच्यासमोर हात जोडत होतो."

प्रतिमाने लोकांना मिठाचं गणित सांगितलं, थोडक्यात, वर्गात सांगते तसं. मग ती म्हणाली, "तुमच्यापैकी पुष्कळांना इथे येऊन बरं वाटलं असेल. गोड सोडलंत, तेलकट कमी केलंत, चाललात, म्हणून बरं वाटलं. ते करत राहा, त्याला टब लागत नाही. पण पोळी, भात, डाळ, दही ही विषं नाहीत. अन्नाची भीती वाटायला लागली की समजा, कुणीतरी ती तुम्हाला शिकवलीय. आणि जो माणूस तुमच्याकडून आधी कबुली घेतो आणि मग चमत्कार दाखवतो, त्याच्या तोंडाकडे बघू नका. त्याच्या हाताकडे बघा."

ऐकून सगळे उठून गेले, असं झालं नाही. अर्धे गेले. काही जण देवरामजींभोवती गोळा झाले आणि बाईंच्या मनात पाप आहे म्हणाले. महिन्याभराने कळलं की देवरामजींनी जयपूरबाहेर कानोत्याच्या बाजूला एका शेतात नवं शिबिर सुरू केलंय. तिथे टब नाही, आता ते नाडीवर तांब्याचा लोलक धरतात. प्रतिमाने पोलिसांत तक्रार दिली, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका गटाला सतीशजींना घेऊन भेटली. तक्रारीचं पुढे काही झालं नाही. ती अजून दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारते आणि तिथला हवालदार तिला पाहिलं की फाइल शोधायला लागतो.

जयंत त्या दिवशी घरी येऊन फ्रीजवरचा कागद काढून टाकेल, असं तिला वाटलं होतं. त्याने तो काढला चार दिवसांनी, कुणी बघत नसताना. वल्लरीची माफी मागायला त्याला आणखी वेळ लागला. डॉक्टर कीर्तींच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसल्याबसल्या तो एकदा म्हणाला, "मला वाटत होतं, मी तुला चांगलं काहीतरी देतोय." वल्लरी म्हणाली, "माहीत आहे, पप्पा."

टबाचं बिंग फोडायला एक सकाळ पुरली. पोरीच्या मनातली भीती काढायला ती पुरली नाही. लोखंड, मीठ, वीज सगळं तिला आता तोंडपाठ होतं, मैत्रिणींना ती चित्र काढून समजवायची. आणि तरीही ताटात पोळी पडली की तिचा हात थांबायचा. दर आठवड्याला दवाखाना, समुपदेशन, लोहाच्या गोळ्या. काही दिवस बरे जायचे, काही दिवस पुन्हा मूग. प्रतिमाला राग यायचा, देवरामजींचा, जयंतचा, आणि पहिल्या रविवारी मनगट सोडवून न घेतलेल्या स्वतःचा. तो राग ती गिळायला शिकली, कारण तो पोरीच्या ताटात पडून चालणार नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वल्लरी शाळेतून आली. प्रतिमाने वरण-भात, मेथीची भाजी आणि वाटीत दही असं ताट वाढलं होतं. वल्लरीने ताटाकडे पाहिलं आणि रोजचा प्रश्न विचारला.

"आई, हे सगळं चालेल ना?"

इतके दिवस प्रतिमा 'हो, चालेल' म्हणायची. आज ते उत्तर तिच्या ओठावर येऊन थांबलं. परवानगी देणारा एक गेला आणि आपण त्याच्या जागी बसलो, असं तिला वाटलं.

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "भूक लागलीय का ते तू सांग."

वल्लरी विचार करत राहिली. प्रतिमाने घाई केली नाही, तिच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. स्वतःच्या ताटात भात कालवत राहिली.

"लागलीय," वल्लरी म्हणाली. जणू ही बातमी तिलाही आत्ताच कळत होती. मग तिने खुर्ची ओढली आणि ती जेवायला बसली.